अंगणातली आमरी फुलवायची कशी?

ऑर्किड हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. लग्नाच्या मांडवात, सत्काराच्या गुच्छात, गणपतीच्या मखरात जी जांभळी-पांढरी, मेणाची केल्यासारखी टणक फुले दिसतात, तीच ही ऑर्किडची. आपल्या मराठीत तिला आमरी म्हणतात. हौसेने कुणी नर्सरीतून एखादी कुंडी विकत आणतो. महिना-दीड महिना फुले टिकतात, शेजारीपाजारी कौतुक करून जातात. पुढे फुले गळतात, पावसाळ्यात मुळ्या कुजतात आणि रिकामी कुंडी गोठ्यामागे जाऊन पडते. नाहीतर दुसरा प्रकार. झाड जगते, पाने हिरवीगार होतात, पण तीन-तीन वर्षे झाली तरी फुलाचा पत्ता नाही. मग घरातले म्हणतात, "हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, ते काचेच्या घरात वाढणारे फूल आहे."

खरे म्हणजे कोकणातल्या माणसाने असे म्हणावे हेच नवल आहे. भारतात आमरीच्या सुमारे साडेबाराशे जाती आहेत आणि त्यातल्या शंभराहून अधिक आपल्या महाराष्ट्रात आढळतात. मे-जूनमध्ये आंब्या-फणसाच्या खोडावरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस खाली लोंबतात, त्याला आपण सीतेची वेणी म्हणतो. कुणी द्रौपदीची वेणी म्हणतात. हीच आमरी आसामात 'कोपौ फूल' म्हणून बिहूच्या सणाला मुली केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचे ते राज्यफूल आहे. ते झाड आपल्याकडे कुणी न लावता, कुणी खत-पाणी न घालता आंब्यावर फुलते. मग विकत आणलेली आमरी ओटीवर का फुलत नाही? तर आपण तिला तुळस-मोगऱ्यासारखी वाढवायला जातो म्हणून. पाणी जास्त देतो आणि उजेड कमी देतो. आमरीच्या सगळ्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या दोन गोष्टींत सापडते.

हे बांडगूळ नव्हे

आधी एक गैरसमज काढून टाकू. झाडावर वाढते म्हणून पुष्कळ लोक आमरीला बांडगूळच समजतात. ऑक्टोबरात कलमांची साफसफाई निघाली, की गडी बांडगुळाबरोबर आमरीही ओरबाडून टाकतात. बांडगूळ आपले मूळ फांदीच्या आत घुसवते, आंब्याचा रस शोषते आणि फांदी वाळवते. ते काढलेच पाहिजे. आमरी तसे काही करत नाही. ती सालीला नुसती धरून राहते. तिचे पाणी पावसाचे आणि दवाचे. तिचे अन्न म्हणजे सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा. आंब्याचे ती एक थेंबही घेत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. बांडगूळ फांदीतूनच फुटल्यासारखे दिसते आणि जोडाजवळ फांदी सुजलेली असते. आमरीच्या जाड, पांढऱ्या मुळ्या सालीवरून दोरीसारख्या पसरलेल्या असतात.

या मुळ्या नीट पाहा, कारण घरची आमरी सांभाळण्याची सगळी युक्ती त्यांच्यात आहे. मुळीभोवती स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस पडला की ते क्षणात पाणी टिपून घेते आणि मूळ हिरवट दिसू लागते. ऊन-वारा लागला की मूळ पुन्हा वाळून रुपेरी होते. भिजणे आणि वाळणे, पुन्हा भिजणे आणि वाळणे, अशी या झाडाची हजारो वर्षांची सवय आहे. अशा मुळ्या आपण ओल्या मातीत गाडल्या तर त्यांना हवा मिळत नाही आणि त्या कुजतात. तेव्हा आमरीच्या कुंडीत माती घालायची नाही, चिमूटभरसुद्धा नाही.

आपल्या हवेला कोणती मानवते?

बाजारात ऑर्किड म्हणून अनेक प्रकार मिळतात. त्यातले काही उबदार हवेचे तर काही थंड डोंगरातले. सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीला गेलेली मंडळी येताना सिंबिडियमचा कंद घेऊन येतात. त्याला फूल धरायला थंड रात्री लागतात. आपल्या दमट, उबदार हवेत तो पाने काढत राहतो, पण फुलत नाही. त्यात तुमचा दोष काही नाही, जातच या हवेची नाही. कोकणपट्टीत घरच्या घरी फुलवायला तीन प्रकार चांगले.

पहिला डेंड्रोबियम. उसाच्या कांड्यासारखे उभे दांडे आणि टोकाला फुलांचा तुरा. गुच्छांत दिसणारी जांभळी-पांढरी फुले बहुतेक याचीच. नवशिक्याने येथूनच सुरुवात करावी. झाड काटक आहे, चूक पोटात घालते. विकत घेताना मात्र बारमाही हिरव्या पानांचा, उष्ण हवेचा डेंड्रोबियम मागून घ्या. नोबिले नावाचा जो प्रकार मिळतो, त्याला हिवाळ्यात चांगली थंडी आणि कोरडी विश्रांती लागते.

दुसरा फॅलेनॉप्सिस. रुंद, जाड पाने आणि फुलपाखरासारखी मोठी फुले. फुले दोन-तीन महिनेही टिकतात. याला सावली चालते, पण रात्रीचा पारा १८ अंशांखाली फार दिवस राहिला तर तो कुरकुरतो.

तिसरा व्हांडा. याला कुंडीसुद्धा नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत नुसता टांगायचा, मुळ्या हवेत मोकळ्या लोंबतात. हे नाव मूळचे आपल्याच संस्कृत भाषेतले, तिथून ते शास्त्रज्ञांनी उचलले. याला उजेड भरपूर हवा आणि पाणी रोज हवे, म्हणून घरात रोज कुणीतरी असेल तरच व्हांडा ठेवा.

देशावर आणि विदर्भात राहणाऱ्या वाचकांनाही हे तिन्ही प्रकार जमतील, पण तिथे उन्हाळ्यात हवा कोरडी आणि डिसेंबरच्या रात्री गार. कुंडीखाली खडी घातलेले पाण्याचे ताट ठेवावे (कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नये) आणि थंडीच्या रात्री झाडे घरात घ्यावीत.

कुंडी भरताना

कुंडी मातीची, चार-पाच इंचांची आणि तळाला व बाजूंना भोके असलेली घ्या. मोठी कुंडी घेऊ नका. तीत ओल साचून राहते. आत काय भरायचे? विटांचे किंवा फुटक्या मंगलोरी कौलाचे सुपारीएवढे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. हे सारे आपल्या परसात पडलेले असते. सोडण आठवडाभर पाण्यात भिजत घाला आणि रोज पाणी बदला. तांबूस रंगाचे पाणी यायचे थांबले की ते वापरण्याजोगे झाले. विटांचे तुकडेही रात्रभर भिजवून घ्या. जिथे पाऊस फार, तिथे सोडण कमी आणि वीट-कोळसा जास्त. जिथे हवा कोरडी, तिथे उलट.

रोप कुंडीत ठेवताना खोडाचा बुंधा वरच राहू द्या, पुरू नका. हलत असेल तर काठीला सुतळीने बांधा. हलणाऱ्या झाडाच्या मुळ्या धरत नाहीत. फॅलेनॉप्सिस जरा कलते लावा. रानात तो खोडावर कलंडून वाढतो, त्यामुळे पानांच्या बेचक्यात पाणी साठत नाही. आपण सरळ उभा लावतो, बेचक्यात पाणी राहते आणि आठ दिवसांत गाभा सडतो.

दारातल्या आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडावर आमरी बांधली तर फारच उत्तम. खडबडीत सालीचे झाड निवडा. साल सोलून पडणारे निलगिरीसारखे झाड नको. मुळ्यांखाली काथ्याची पातळ गादी द्यावी, सुतळीने घट्ट बांधावे आणि मुळ्या सालीला धरेपर्यंत रोज पाणी शिंपडावे. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास बांधलेले रोप लवकर धरते.

पाणी : मुळ्यांना विचारून द्या

"पाणी किती दिवसांनी द्यायचे?" हा सर्वांचा पहिला प्रश्न. याला दिवसांचे उत्तर नाही. मुळ्या पाहा. हिरव्या दिसत असतील तर पाणी नको. पांढऱ्या-रुपेरी झाल्या असतील तर द्या. एप्रिल-मेमध्ये डेंड्रोबियमला रोज द्यावे लागेल, थंडीत तीन-चार दिवसांनी पुरेल आणि जुलैत कदाचित आठवडाभर हातही लावावा लागणार नाही. द्याल तेव्हा मात्र भरपूर द्या. कुंडीच्या भोकांतून वाहून गेले पाहिजे. पाणी सकाळी घाला म्हणजे रात्र पडण्याआधी पाने वाळतात.

समुद्रकाठच्या गावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते. माणूस ते कसेबसे पितो, पण आमरीच्या मुळ्यांची टोके क्षाराने जळतात. कुंडीच्या कडेला पांढरी पुटे चढू लागली की समजावे, पाण्यात क्षार आहे. पागोळीचे पाणी पिंपात साठवून ठेवले तर दहा-बारा कुंड्यांचा उन्हाळा आरामात निघतो. पिंपावर झाकण मात्र घट्ट हवे, नाहीतर डास होतील. नळाचे पाणी असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग वापरा.

फूल का येत नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पाने गर्द हिरवी, लांबलचक, मऊ पडलेली आणि फूल नाही, अशी आमरी दिसली की शंभरात नव्वद वेळा एकच कारण असते, उजेड कमी. आपल्याला गर्द हिरवा रंग निरोगी वाटतो. भाताच्या खाचरात तो शोभतो, आमरीत नाही. डेंड्रोबियमचे आणि व्हांडाचे पान किंचित पोपटी असावे. पिवळे पडले, लालसर झाले किंवा हाताला गरम लागले तर ऊन जास्त झाले. या दोहोंच्या मधला रंग साधला की निम्मे काम झाले.

उजेड मोजायला यंत्र नको. दुपारी बाराच्या सुमारास झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. हाताची सावली पुसट पडली तर ती जागा फॅलेनॉप्सिसची. सावली स्पष्ट पडली तर डेंड्रोबियमची. सावली अगदी ठळक असेल आणि वारा खेळता असेल तर व्हांडाची. सावली पडतच नसेल तर त्या जागी आमरी जगेल, फुलणार नाही. पूर्वेची ओटी सर्वांत चांगली. अंगणात करायचे तर ५० टक्क्यांची शेडनेट बांधा किंवा नारळाच्या झापांचा विरळ मांडव घाला. कवडशांचे ऊन आमरीला फार मानवते. मात्र सावलीतले झाड एकदम उन्हात नेऊ नका, पाने करपतात. दर तीन-चार दिवसांनी थोडे थोडे पुढे सरकवत पंधरा दिवसांत नव्या जागी न्या. विशेषतः पावसाळा संपल्यावर ही काळजी घ्या. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. सूर्य दक्षिणेकडे कलल्याने आजवर सावलीत असलेल्या ओटीवर ऊन थेट आत शिरते.

उजेडानंतर दुसरी गोष्ट हवामानाची कूस. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला थोडी थंडी लागते. काही आठवडे दिवस पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास आणि रात्री त्याहून गार गेल्या की दांडा सुटतो. सतत उकाड्यात तो पानेच काढतो. आपल्याकडे ही संधी डिसेंबर-जानेवारीत येते. तेव्हा त्या दिवसांत फॅलेनॉप्सिस बंद खोलीत कोंडू नका. खिडकीजवळ किंवा ओटीवर, रात्रीची गार हवा लागेल अशा जागी ठेवा. दांडा दिसला की कुंडीची दिशा बदलू नका, कळ्या उजेडाकडे वळून वेड्यावाकड्या होतात. फुले संपल्यावर दांडा हिरवा असेल तर बुडापासून न कापता खालची दोन-तीन पेरे ठेवून वर कापा. पुष्कळदा पेरातून पुन्हा फांदी फुटून फुले येतात. दांडा वाळला असेल तर मात्र काढून टाका.

डेंड्रोबियमचे गणित वेगळे. पावसाळ्यात फुटलेला धुमारा वाढून भरीव झाला, की त्याच्या टोकाकडून तुरा निघतो. म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये दांडा जितका जाड होईल, तितके फूल पुढे चांगले. जुना, पाने गळालेला दांडा निरुपयोगी म्हणून कापू नका. ती झाडाची कोठी आहे. त्यातले साठवलेले अन्न नव्या धुमाऱ्याला मिळते, आणि कधी कधी त्याच दांड्यावर दुसऱ्यांदा तुराही येतो. दांड्याच्या वरच्या पेरावर मुळ्यांसकट पिल्लू फुटले तर मुळ्या दोन-अडीच इंच होऊ द्या आणि मग अलगद काढून वेगळे लावा. शेजारणीला द्यायला फुकटचे रोप झाले.

आपल्या सह्याद्रीत पांढऱ्या फुलांचे डेंड्रोबियम आहे. पावसाळा संपला की त्याची पाने गळतात, दांडे वाळल्यासारखे दिसतात. अनोळखी माणूस म्हणेल, मेले. पण शिमग्याच्या आसपास त्याच उघड्या दांड्यांवर फुले लगडतात. प्रत्येक जातीचा असा आपला विसाव्याचा काळ असतो. त्या काळात पाण्या-खताचा मारा केला तर फूल हुकते.

खत : चिमूटभर, पण वेळेवर

खताने फूल आणता येते ही समजूत सोडा. उजेड नसेल तर कितीही खत घालून उपयोग नाही. उलट मुळ्या जळतात. झाड वाढीला लागलेले असताना १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा पुरे. पाच लिटरच्या बादलीला चहाचा एक सपाट चमचा, एवढाच हिशेब. पावसाळा सरल्यावर नत्र कमी आणि स्फुरद-पालाश जास्त असलेले खत त्याच मात्रेत द्या. कोरड्या मुळ्यांवर खत कधीही टाकू नका. आधी साधे पाणी द्यावे, मग खताचे. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा.

ज्यांच्याकडे गुरे आहेत त्यांनी ताजे शेण दहापट पाण्यात कालवून रात्रभर ठेवावे, वरची निवळी फडक्यातून गाळून पंधरा दिवसांनी मुळ्यांना द्यावी. चोथा कुंडीत जाऊ देऊ नये, भोके बुजतात.

पावसाळा सांभाळला तर वर्ष सांभाळले

आपल्याकडे आमरी मरते ती उन्हाने नव्हे, पावसाने. रानातली आमरी मुसळधार पावसात टिकते, कारण तिच्या मुळ्या उघड्या असतात आणि वारा त्यांना लगेच सुकवतो. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. मृग लागण्याआधीच कुंड्या छपराखाली घ्या, जमिनीवरून उचलून टांगा किंवा फळीवर मांडा. दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवा. पागोळीखाली कुंडी ठेवणे म्हणजे तिला बुडवणेच. प्लॅस्टिकचे छत घातले तर बाजू उघड्या राहू द्या. यातल्या बहुतेक जाती आपली श्वासरंध्रे रात्री उघडतात, तेव्हा रात्रीही हवा खेळती हवी.

पानावर पाणीदार काळा डाग दिसला आणि तो दिवसागणिक पसरू लागला तर वाट पाहू नका. ब्लेड ज्योतीवर धरून निर्जंतुक करा, डागाच्या बाहेरचा निरोगी भाग थोडा घेऊन पान कापा, कापलेल्या जागी हळद लावा, झाड वेगळे ठेवा आणि चार दिवस पाणी बंद. इथे बागायतदारांना एक इशारा. सुपारीच्या कोळेरोगासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो, ते बादलीत उरले म्हणून आमरीवर मारू नका. तांब्याची औषधे डेंड्रोबियमला सोसत नाहीत, कोवळे धुमारे करपतात. बाग फवारताना वाऱ्याने तुषार उडणार असतील तर कुंड्या बाजूला घ्या.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू गोगलगाय. मुळ्यांची हिरवी टोके आणि कोवळ्या कळ्या ती एका रात्रीत फस्त करते. संध्याकाळी कुंड्यांजवळ ओले गोणपाट पसरा, सकाळी उचलून खालच्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पाने दोन्ही बाजूंनी पुसा. त्याने भागले नाही तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. पाच-दहा कुंड्यांसाठी जहाल औषधे घरात आणू नयेत.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये घरात आंब्याची आढी घातलेली असते. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो, तो आमरीच्या फुलांना बाधतो. भरलेल्या कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि उमललेली फुले दोन दिवसांत मान टाकतात. चुलीच्या धुराचेही तसेच. तेव्हा फुलावर आलेली कुंडी आढीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात ठेवू नका.

रानातली आमरी रानातच राहू द्या

हे सगळे वाचून कुणाला वाटेल, मग नर्सरीत पैसे कशाला घालवायचे? रानात चार फांद्या हलवल्या की पाटीभर आमरी मिळते. जत्रेच्या वाटेवर, घाटातल्या नाक्यावर अशी ओरबाडलेली आमरी विकायला बसलेली माणसेही दिसतात. बंधूंनो, हे करू नका आणि विकतही घेऊ नका.

कारण असे. आमरीच्या एका शेंगेत लाखो बिया असतात, पण बी धुळीसारखे बारीक. त्यात रोपाला पुरेल एवढे अन्नच नसते. रानात ते रुजायला विशिष्ट बुरशीची साथ लागते, ती मिळाली तर रुजते, आणि पहिले फूल यायला पुढे कित्येक वर्षे जातात. आपण पाच मिनिटांत जो झुबका ओरबाडतो, तो तयार व्हायला एका पोराचे लहानपण सरलेले असते. बरे, मुळ्या तुटल्यामुळे ओरबाडलेली आमरी घरी क्वचितच जगते. म्हणजे रानही गेले आणि हातीही काही लागले नाही.

आज तर त्याची गरजच उरलेली नाही. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर व क्षार घातलेल्या खळीवर काचेच्या बाटलीत आमरीचे बी रुजवून दाखवले. १९६० साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून सिंबिडियमची अनेक रोपे करण्याची रीत दाखवली. आपण नर्सरीतून आणतो ती डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिसची रोपे अशा प्रयोगशाळेतच तयार होतात. भारतात ऑर्किडवर काम करण्यासाठी सिक्कीममधील पाकयोंग येथे १९९६ साली राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव जंगलातून परवानगीवाचून वनोपज काढणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारात तर संपूर्ण आमरी कुळावरच निर्बंध आहेत. सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्य मंडळींनी एक गोष्ट जरूर करावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. यंदा मे-जूनमध्ये शाळेतल्या मुलांना घेऊन गावातल्या, देवराईतल्या कोणकोणत्या झाडांवर आमरी फुलते याची नोंद त्या वहीत करा. रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी जुने झाड तोडायचे ठरले, तर आधी त्यावरची आमरी वनखात्याला विचारून दुसऱ्या झाडावर बांधता येते. नोंदच नसेल तर विचारणार कोण?

आणि तुमच्या स्वतःच्या वाडीत वादळाने फांदी मोडून पडली, तर तिच्यावरची आमरी जरूर वाचवा. मोडक्या मुळ्या कापा, दारातल्या आंब्याला बांधा. कलमांच्या साफसफाईला गडी लावताना बांडगूळ कोणते आणि आमरी कोणती हे आधी एका फांदीवर दाखवून द्या.

विक्रीचे काय?

हा प्रश्न येणारच. फुलाला मागणी आहे, थायलंडहून विमानाने येणारी फुलेही आपल्या शहरांत खपतात. पण मांडव, शेडनेट, रोपे, पाणी यांचा खर्च मोठा, आणि थेट कर्ज काढून उडी घेणाऱ्याने व्हॅनिलाची आठवण ठेवावी. व्हॅनिला ही आमरीच्याच कुळातली वेल. २००० साली मादागास्करला वादळाने झोडपले, भाव चढत गेले आणि केरळ-कर्नाटकातल्या बागायतदारांनी मोठ्या प्रमाणावर वेली लावल्या. २००४-०५ च्या सुमारास भाव कोसळले आणि अनेकांच्या वेली तशाच राहिल्या. फूल तर व्हॅनिलासारखे वाळवून ठेवताही येत नाही. काढले की विकावेच लागते.

म्हणून आधी दहा कुंड्या घ्या. दोन पावसाळे काढा. त्यातल्या किती जगल्या, किती फुलल्या, पिल्ले किती झाली हे वहीत मांडा. दहातल्या आठ फुलल्या तर गावातल्या लग्नाकार्याला, जवळच्या गुच्छवाल्याला फुले देऊन पाहा. बचतगटाच्या बायका रोपांची पिल्ले वाढवून विकू शकतात, त्यात जोखीम कमी. तेवढे जमले की मग तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे संरक्षित शेतीच्या योजनांची चौकशी करा आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्या. शेडनेटचा आकडा त्यानंतर.

तोवर घरी एखादी आमरी असेल तर ती आजच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून उचला. मुळ्या पाहा, पानांचा रंग पाहा, दुपारी कागदावर हाताची सावली पाहा. जागा चुकली असेल तर बदला. पाणी जास्त होत असेल तर हात आखडा. येत्या हंगामात तुरा निघाला, तर शेजाऱ्याला फूल दाखवा आणि ही रीतही सांगा.